कोणती पिसू? कोणता डास?

मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या महामार्गाने चारोटी मागे टाकली, की थोड्याच अंतरावर विवळवेढे लागते. डहाणूची महालक्ष्मी म्हणतात ती इथलीच. चैत्री पौर्णिमेपासून भरणाऱ्या तिच्या जत्रेला तुमच्यापैकी काहीजण गेलेही असतील. जवळच महालक्ष्मीचा सुळका, डोंगरउतारावरून येणारे ओढे, खाली भातखाचरे असा हा मुलूख. पावसाळ्यात हे ओढे धावत असतात. पाऊस ओसरला, की त्यांचे पाणी मंद व नितळ होते, आणि काठच्या गवताच्या आडोशाला डासांच्या अळ्या वाढू लागतात. डोंगरपायथ्याच्या अशा मुलखात हिवतापाचा जोर पावसाळ्यानंतरच्या या महिन्यांत असतो.

आता याच रस्त्याने शे-सव्वाशे किलोमीटर दक्षिणेस मुंबईला या. तिथे नितळ ओढा कुठला शोधणार? शेतीही नाही. तरी मुंबईत हिवताप होता आणि आहे. शहरभर डासांचा सुळसुळाट करणारे गटारातले डास तर हिवताप पसरवीत नाहीत. मग तो पसरवतो कोण?

तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेले असते, की हिवताप अॅनॉफेलिस डासाच्या मादीमुळे पसरतो. वाक्य बरोबर आहे, पण फारच अपुरे आहे. भारतात अॅनॉफेलिसच्या साठाच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक माणसाच्या वाटेला विशेष जात नाहीत. खरा उपद्रव मोजक्या जातींचा. डोंगरपायथ्याच्या झऱ्या-ओढ्यांत वाढणारी अॅनॉफेलिस फ्लुव्हिएटिलिस ही एक. मैदानी प्रदेशातील खड्डे, कालवे व भातखाचरांत वाढणारी अॅनॉफेलिस क्युलिसिफेसिस ही दुसरी. आणि विहिरी, टाक्या, हौद अशा माणसाने साठवलेल्या पाण्यात सुखाने वाढणारी अॅनॉफेलिस स्टिफेन्सी ही शहरातली. या शेवटच्या जातीच्या शास्त्रीय नावापुढे शास्त्रज्ञ 'लिस्टन, १९०१' असे लिहितात. त्याचा अर्थ, त्या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन लिस्टन नावाच्या माणसाने १९०१ मध्ये केले. हे वर्णन कुठे झाले असेल? लंडनच्या संग्रहालयात नव्हे. ते झाले आपल्या अमरावती जिल्ह्यातील अचलपुरात!

विल्यम ग्लेन लिस्टन हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर होता. अचलपुराला तेव्हा इंग्रज एलिचपूर म्हणत, आणि तिथे लष्कराची छावणी होती. काळ मोठा उत्साहाचा होता. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू दिसले होते. पुढच्याच वर्षी इटलीतील शास्त्रज्ञांनी माणसाचा हिवताप अॅनॉफेलिसच पसरवतो हे दाखवून दिले. यानंतर साहजिकच प्रश्न आला, की आपल्या अंगणात कोणकोणते अॅनॉफेलिस आहेत, ते कुठे वाढतात आणि कधी वाढतात? लिस्टनने एलिचपुरात वर्षभर हेच काम केले आणि 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये त्याचा वृत्तांत लिहिला. त्यात सापडलेल्या एका नव्या जातीला त्याने हिवतापाचे अभ्यासक स्टिफेन्स यांचे नाव दिले.

हे काम वरवर पाहता किरकोळ वाटेल. पंखांवरचे ठिपके पाहा, सोंडेशेजारच्या स्पर्शिकांवरचे पांढरे पट्टे मोजा, पायांवरची नक्षी टिपून ठेवा. साम्राज्यातले एखादे मोठे रुग्णालय चालवण्याच्या मानाने यात मिरवण्यासारखे काय आहे? परंतु लिस्टनला हीच सवय पुढे उपयोगी पडली, आणि तीही डासांच्या नव्हे तर पिसवांच्या बाबतीत.

प्लेगची मुंबई

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. पुढची कथा तुम्ही इतिहासाच्या तासाला ऐकली आहे. मुंबई ओस पडू लागली. रोग पुण्यात आला. रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. पुण्यात सरकारने सैनिकांकडून घरांच्या झडत्या घेतल्या, सामान बाहेर काढून जाळले, माणसांना छावण्यांत नेले. लोकांचा संताप इतका वाढला, की २२ जून १८९७ रोजी प्लेग कमिशनर रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या साथीने पुढच्या काही दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मारली.

एवढी सक्ती झाली खरी, पण रोग आटोक्यात आला नाही. याचे कारण शास्त्राच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँग येथे येर्सिनने शोधला होता. जंतू माहीत होता, पण त्याची वाट माहीत नव्हती. तो मातीतून येतो, अन्नातून येतो, रोग्याच्या कपड्यांतून येतो, घाणीतून येतो अशी नाना मते होती. त्यामुळे भिंतींवर कार्बोलिक अॅसिड फवारणे, गटारे धुऊन काढणे, घरांची छपरे उघडून ऊन आत घेणे यांवर सारा भर होता. असे केल्याने उंदीर एका घरातून उठून दुसऱ्या घरात जात.

आणि गंमत अशी, की आपल्या खेड्यांतल्या माणसांना एक गोष्ट पक्की कळलेली होती. घरात उंदीर पडू लागले, की घर सोडायचे आणि रानात झोपडी बांधून राहायचे. हा अनुभवाचा नियम होता. तो का खरा ठरतो हे मात्र कोणी सांगू शकत नव्हते.

पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराला ते प्रथम सुचले. मुंबईत काम करताना त्याने पाहिले, की काही रोग्यांच्या पायावर बारीक फोड असतो आणि त्या फोडात प्लेगचे जंतू असतात. कीटकाचा दंश असावा असे त्याला वाटले. २ जून १८९८ रोजी कराचीत त्याने एका बरणीत पिसवा असलेला प्लेगग्रस्त उंदीर ठेवला आणि त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श होणार नाही, पण पिसू उडी मारून जाऊ शकेल, अशी ही योजना. पहिला उंदीर मेला. काही दिवसांनी दुसराही प्लेगनेच मेला. शोधाचा पहिला मान निःसंशय सिमाँचा. परंतु इतरांना त्याचे प्रयोग जमले नाहीत, आणि त्याचे म्हणणे कित्येक वर्षे कोणी मनावर घेतले नाही.

एकच प्रयोग खरा असूनही लोकांना का पटत नाही, याचा तुम्ही जरा विचार करा. दोन उंदरांवरून केलेल्या निष्कर्षाबद्दल शंका घ्यायला जागा राहतेच. वास उडून गेला नसेल कशावरून? हवेतून जंतू गेला नसेल कशावरून? शिवाय टीकाकारांचा एक आक्षेप नेमका होता. उंदराची पिसू माणसाला चावतच नाही, मग ती माणसाला प्लेग देणार कशी?

तीस पिसवा आणि दोनशे सेहेचाळीस पिसवा

आता लिस्टन परळच्या प्रयोगशाळेत आलेला होता. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ पासून हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा होती. तिचेच नाव १९२५ मध्ये हाफकिन संस्था झाले. त्या सुमारास मुंबईच्या राणीच्या बागेतील गिनीपिग पटापट मरू लागले. तपासले तर त्यांना प्लेग झालेला. गिनीपिगच्या अंगावर एरवी पिसवा फारशा नसतात. या मेलेल्या गिनीपिगांच्या अंगावर मात्र पिसवा होत्या, आणि त्या उंदरावरच्या जातीच्या होत्या.

उंदरावरची पिसू कोणती आणि माणसावरची कोणती, हे सांगता येणे इथे निर्णायक ठरले. ज्याने एलिचपुरात डासांच्या पंखांवरचे ठिपके मोजले होते, त्याला पिसवांचे केस, जबडे आणि डोळ्यांजवळची राठ लव न्याहाळण्याचा कंटाळा येणार नव्हता. लिस्टनने युक्ती काढली. ज्या घरांत प्लेग झाला असेल, तिथे गिनीपिग मोकळे सोडायचे. पिसवा त्यांच्यावर चढतील, मग त्या वेचून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. जिवंत गिनीपिग हाच त्याचा पिसवांचा सापळा!

याच काळातली एका चाळीची नोंद त्याने केली आहे. ती मला त्याच्या साऱ्या कामातली सर्वांत बोलकी वाटते. एप्रिलच्या ६ तारखेपासून त्या चाळीत उंदीर मोठ्या संख्येने मरू लागले. मग उंदीर मरणे एकाएकी थांबले. ११ तारखेपासून खोल्यांत पिसवांचा असा काही उपद्रव सुरू झाला, की माणसांना आत झोपणे अशक्य होऊन ती व्हरांड्यात झोपू लागली. १७ तारखेला तिथल्या एकाला प्लेग झाला. त्याच दिवशी शेजारच्या खोलीत आणखी एकाला. २० तारखेला चाळकऱ्यांनी स्वतः पिसवा पकडून दिल्या. त्यांतल्या ३० तपासल्या, तर १४ उंदरावरच्या जातीच्या निघाल्या.

या १४ चा अर्थ एकट्याने लागत नाही. तुलना हवी. म्हणून लिस्टनने जिथे उंदीर मरत नव्हते अशा नेहमीच्या परिस्थितीत माणसांवर सापडलेल्या २४६ पिसवाही तपासल्या. त्यांत उंदरावरची पिसू निघाली फक्त एक. तुम्ही आता वहीत शेकडेवारी काढा. ३० पैकी १४ म्हणजे सुमारे ४७ टक्के. २४६ पैकी १ म्हणजे सुमारे ०.४ टक्के. शंभरपटीहून अधिक फरक! टीकाकारांचा आक्षेप अर्धा बरोबर होता. उंदराची पिसू आपखुशीने माणसाकडे येत नाही. पण उंदीर मेला, त्याचे शरीर थंड झाले, आणि आसपास दुसरा उंदीर उरला नाही, म्हणजे भुकेलेली पिसू माणसाचेही रक्त घेते. उंदीर मरणे आणि माणसाला रोग होणे यांच्यात काही दिवसांचे अंतर का असते, तेही यावरून उमगले. खेडुतांचा 'उंदीर पडले की घर सोडा' हा नियम त्या मधल्या दिवसांतच माणसाला वाचवत होता.

(ज्या चाळकऱ्यांनी आपल्याच अंथरुणातल्या पिसवा धरून प्रयोगशाळेला दिल्या, त्यांची नावे मात्र कुठेच नाहीत.)

लिस्टनने हे सारे मांडले ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे. सोसायटीच्या नियतकालिकात १९०५ मध्ये प्लेग, उंदीर आणि पिसवांवरचा त्याचा लेख छापून आला.

कौलांचा प्रयोग

१९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळला हेच काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. लिस्टन त्या मंडळींपैकी एक होता. तिथे झालेला एक प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावा इतका सुरेख आहे.

त्यांनी सहा लहान खोल्या बांधल्या. सर्व बाबतींत सारख्या, फरक फक्त छपरात. पहिल्या दोन खोल्यांवर आपली साधी नळीची कौले. यांत उंदीर मजेत घर करतात, हे कोकणातल्या मुलांना सांगायला नको. पुढच्या दोन खोल्यांवर मंगलोरी कौले. ती एकमेकांत घट्ट बसतात, म्हणून उंदरांना थोडीच जागा मिळते. शेवटच्या दोन खोल्यांवर पन्हळी पत्रा, जिथे उंदीर राहूच शकत नाही. प्रत्येक छपराखाली तारेची जाळी बसवली. जाळीतून उंदीर खाली येणार नाही, पण पिसू खुशाल पडू शकेल. मग खोल्यांत गिनीपिग सोडले.

कौलांच्या चारही खोल्यांत गिनीपिगांना प्लेग झाला. पत्र्याच्या खोल्यांत झाला नाही.

हवा सगळीकडे सारखी, जमीन सारखी, अन्न सारखे. बदललेली गोष्ट एकच. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी असे तुमचे शिक्षक सांगतात, ते उगाच नव्हे. आयोगाने उलट बाजूनेही पाहिले. पिसवा नसतील अशा जागी आजारी व निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले, तर निरोगी निरोगीच राहिले. आजारी आईचे दूध पिणारी पिल्लेही वाचली. तिथे पिसवा सोडताच रोग पसरला. आणखी एका प्रयोगात गिनीपिगांचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर ठेवले. उंदराच्या पिसवेची उडी साधारण चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातला प्राणी मेला. दोन फूट उंच टांगलेला वाचला. हवेतून रोग येत असता, तर दोन फुटांनी काय फरक पडणार होता? माशांसाठी वापरतात तसा चिकट कागद पिंजऱ्याभोवती पसरला, तरी आतला प्राणी सुरक्षित राहिला. पिसवा त्या कागदाला चिकटून बसल्या होत्या.

पिसू जंतू नेमका टोचते कशी, हे लंडनमध्ये बॅकॉट आणि मार्टिन यांनी १९१४ मध्ये दाखवले. पिसवेच्या जठराच्या तोंडाशी एक अरुंद भाग असतो. जंतू तिथे वाढून बोळा बसतो. पिसू रक्त ओढते, पण ते जठरात जात नाही. भुकेने व्याकूळ होऊन ती पुन्हा पुन्हा चावते, आणि अडलेले रक्त जंतूंसह उलट जखमेत येते. हा बोळा सर्व जातींच्या पिसवांत सारखा बसत नाही. मुंबईत जी पिसू विपुल होती, त्या झेनॉप्सिला चिऑपिस जातीत तो चटकन बसतो. मद्रास व कोलंबो या बंदरांत तिच्या भावकीतली झेनॉप्सिला अॅस्टिया अधिक आढळे. ती रोग पसरवण्यात मागे असते. मद्रासला प्लेगची झळ मुंबईच्या मानाने इतकी कमी का लागली, याचा उलगडा पिसवांच्या जातींतला हा फरक ध्यानात आल्यावर झाला.

पुन्हा डासाकडे

लिस्टन पुढे परळच्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. जहाजांतले उंदीर आणि पिसवा मारण्यासाठी हायड्रोसायनिक वायूची धुरी देण्याचे यंत्रही त्याने तयार केले. इकडे त्याचा अचलपुरी डास मुंबईत ओळखला गेला होता. १९११ मध्ये बेंटली याने मुंबईच्या हिवतापाची चौकशी करून सांगितले, की दोष दलदलीचा नाही, तर घराघरांतल्या विहिरींचा व टाक्यांचा आहे, कारण तिथे स्टिफेन्सी वाढतो. नगरपालिकेने विहिरी बंद करण्याचा किंवा झाकण्याचा हुकूम काढला. धर्मकृत्यांसाठी विहिरीच्या पाण्यावर सूर्याचे किरण पडलेच पाहिजेत, असे म्हणणाऱ्यांचा याला विरोध झाला. तेव्हा काही ठिकाणी झाकणात बारीक तारेची जाळी बसवून तोड काढली गेली. मुंबईत टाकीच्या झाकणाबद्दल आजही नोटिसा निघतात, त्यांचे मूळ त्या चौकशीत आहे.

हे सारे जुने झाले असे समजू नका. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मेले, पिसवांचा त्रास झाला, आणि त्यानंतर गाठ आलेले रोगी दिसू लागले. चाळीतल्या त्या एप्रिलसारखाच क्रम होता. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. त्यानंतर घाबरून लोकांनी घरे सोडली होती, आणि बंद घरांतल्या धान्यावर उंदीर माजले होते. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. सुरत डहाणूपासून रेल्वेने काही तासांवर आहे. तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवत असतील, त्यांना जरूर विचारा.

आणि स्टिफेन्सी? तो आता समुद्रापार गेला आहे. २०१२ मध्ये तो आफ्रिकेतल्या जिबूती या छोट्या देशात सापडला. हिवताप जवळजवळ संपवत आणलेल्या त्या देशात त्या वर्षी फक्त २७ रोगी नोंदले होते. २०२० मध्ये हा आकडा ७३,००० च्या वर गेला. इथिओपिया, सुदान, नायजेरिया, केनिया या देशांतही तो आढळला आहे. आफ्रिकेतले जुने हिवतापी डास मुख्यतः खेड्यांतले. शहरे त्या मानाने सुरक्षित होती. टाक्यांत वाढणाऱ्या या डासाने हा हिशेबच बिघडवला. जागतिक आरोग्य संघटनेला त्याच्याविषयी २०१९ मध्ये खास इशारा द्यावा लागला. तिथले कीटकशास्त्रज्ञ त्याला ओळखण्यासाठी आज ज्या खुणा तपासतात, त्यांची सुरुवात अचलपुरात झालेल्या वर्णनापासून आहे.

आता तुमच्यासाठी थोडे काम. विवळवेढ्यासारख्या गावात राहणाऱ्याला ओढा आणि टाकी दोन्ही हाताशी असतात, म्हणून त्याला हे अधिक सोपे. पांढऱ्या तळाचे एक भांडे व एक पळी घ्या. ओढ्याच्या संथ कडेचे, अंगणातल्या पिंपातले आणि गटारातले पाणी वेगवेगळे काढा. शिक्षक बरोबर असू द्या, आणि पावसात ओढ्याजवळ जाऊ नका. अळ्या दिसल्या, की भांडे हलवू नका, त्या पाण्याच्या पृष्ठाशी कशा राहतात ते पाहा. पृष्ठाला समांतर, आडवी पडून राहिलेली अळी अॅनॉफेलिसची. शेपटीकडची श्वासनळी वर लावून डोके खाली लोंबकळणारी अळी क्युलेक्स किंवा एडिसची. दिनांक, जागा, पाणी कसे होते आणि कोणत्या प्रकारच्या किती अळ्या मिळाल्या, हे वहीत लिहून ठेवा. पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुमारास असे तीनदा करा, आणि तिन्ही वेळचे आकडे एका तक्त्यात मांडा. पाहून झाले, की ते पाणी कोरड्या, तापलेल्या जमिनीवर ओतायला विसरू नका.

अॅनॉफेलिसची अळी पिंपात मिळाली, तर ती स्टिफेन्सीच असेल असे लगेच ठरवू नका. ते सांगायला मोठा झालेला डास सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, आणि त्यासाठी तालुक्याच्या हिवताप विभागातील कीटक-तपासनीसांची मदत घ्यावी लागेल. आपली वही मात्र त्यांना दाखवा.